चार वर्कस्पेस, चार वॉलपेपर : एक्सएफसीईवर प्रत्येक डेस्कटॉपला स्वतःचं चित्र

लिनक्सवर वर्कस्पेसची, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून वापरायच्या अनेक डेस्कटॉपची, सवय लागली की ती सुटत नाही. पहिल्यावर ऑफिसचं काम, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर टर्मिनल आणि चौथ्यावर बाकीचा सगळा पसारा. अडचण एवढीच की विंडो बाजूला केल्या की चारही हुबेहूब एकसारखे दिसतात. आपण तिसऱ्यावर आहोत असं समजून फाइल उघडतो आणि ती उघडते पहिल्यावर. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना भलत्याच वर्कस्पेसवर उडी मारली, तर बँकेचं पान सगळ्या टीमला दिसायलाही वेळ लागत नाही.

म्हणून वर्कस्पेसचा वॉलपेपर मी शोभेची गोष्ट मानत नाही, ती पाटी आहे. हे एकदा डोक्यात बसलं की चित्र कसं निवडायचं, कुठे लावायचं आणि ते सतत नजरेस कसं पडेल, याची उत्तरं बदलतात. पुढचा सगळा खटाटोप त्याच हिशोबाने मांडला आहे. मेनूंची नावं इथे देवनागरीत असली तरी स्क्रीनवर ती इंग्रजीतच दिसतील, असं धरून चला.

एक्सएफसीईच का?

एक्सएफसीई हे लिनक्सवर वापरता येणारं एक डेस्कटॉप. ते निवडलं कारण ही सोय तिथे आतूनच आहे. एक्स्टेन्शन नको, स्क्रिप्ट नको. २०१५ साली आलेल्या ४.१२ आवृत्तीपासून एक्सएफसीईमध्ये प्रत्येक वर्कस्पेसला वेगळं चित्र लावता येतं. झुबुंटू, एमएक्स लिनक्स, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, डेबियनवर बसवलेलं एक्सएफसीई, अगदी काली लिनक्सही, सगळीकडे पद्धत तीच. ४.२० आवृत्तीत वेलँडचा, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेचा, आधार प्रायोगिक स्वरूपात आला आहे; पण हा लेख नेहमीच्या, जुन्या एक्स११ यंत्रणेच्या सत्रासाठी आहे. लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडायची सोय असेल, तर तिथे साधं एक्सएफसीई निवडा.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे काही बिघडलं तर हेच उपयोगी पडेल. चार वर्कस्पेस म्हणजे चार वेगळे पडदे नव्हेत. पडदा एकच असतो. एक्सएफडब्ल्यूएम४ हा विंडो मॅनेजर काही विंडो लपवतो, काही दाखवतो आणि सध्या कितवा वर्कस्पेस चालू आहे तो आकडा सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येईल अशा जागी लिहून ठेवतो. चित्र काढण्याचं काम एक्सएफडेस्कटॉप नावाचा दुसराच प्रोग्रॅम करतो. तो त्या आकड्यावर लक्ष ठेवतो आणि आकडा बदलला की त्या क्रमांकाचं चित्र लावतो. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये हे लक्ष ठेवणारं कोणी नसतं, म्हणून तिथे सगळीकडे एकच वॉलपेपर दिसतो.

आधी वर्कस्पेस पक्के करा

सेटिंग्ज मॅनेजरमध्ये ‘वर्कस्पेसेस’ उघडा. एक्सएफसीईची मूळ संख्या चार आहे, पण काही वितरणं (झुबुंटू, मिंट यांसारखे लिनक्सचे तयार संच) ती कमी करून देतात. तुम्हाला हवी तेवढी ठेवा. माझं मत विचाराल तर चारच्या वर जाऊ नका. सहा-सात वर्कस्पेस झाले की चित्रं वेगळी असूनही कोणतं कशाचं हे लक्षात राहत नाही. त्याच खिडकीत प्रत्येकाला नाव देता येतं. ‘लेखन’, ‘हिशेब’, ‘सर्व्हर’, ‘घर’ अशी देवनागरी नावंही चालतात.

मग पॅनलवर, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर, ‘वर्कस्पेस स्विचर’ असल्याची खात्री करा. नसेल तर पॅनलवर राइट क्लिक करून ‘पॅनल’, ‘अॅड न्यू आयटम्स’ या वाटेने तो आणा. कीबोर्डवरून जायचं तर कंट्रोल धरून एफ१ ते एफ४ किंवा कंट्रोल-ऑल्ट धरून डावा-उजवा बाण. वितरणाने हे शॉर्टकट बदललेले असू शकतात. ते ‘विंडो मॅनेजर’च्या ‘कीबोर्ड’ टॅबमध्ये तपासता येतात. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर माउसचं चाक फिरवूनही वर्कस्पेस बदलतो. एरवी मला ती सोय त्रासदायक वाटते आणि ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधून ती बंद करता येते. पण वॉलपेपर लावून झाल्यावर झटपट फेरी मारून बघायला ती बरी पडते, तेव्हा आज राहू द्या.

चित्रांची निवड आणि तयारी

इथे घाई करू नका. लोक चार सुंदर निसर्गचित्रं उचलतात. चारही हिरवी, चारही निळ्या आकाशाची. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहताना तपशील कळत नाही, रंग कळतो. म्हणून रंगावरून निवडा. लेखनाला मातकट-पिवळा, सर्व्हरला गडद निळा, हिशेबाला करडा, घरच्या पसाऱ्याला हिरवा, असं काहीही चालेल, पण चौघांचे रंग एकमेकांपासून लांब हवेत. ज्या वर्कस्पेसवर चूक महागात पडते, उदाहरणार्थ जिथून तुम्ही चालू सर्व्हरवर कमांड देता, त्याला लाल द्या. त्या रंगाकडे दुर्लक्ष होत नाही.

दुसरी गोष्ट, डेस्कटॉपवरची आयकॉन. एक्सएफसीईमध्ये ती सगळ्या वर्कस्पेसवर तीच असतात, वॉलपेपरसारखी वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे चारही चित्रांत आयकॉनच्या जागी, म्हणजे साधारण डाव्या बाजूला, फार गजबज नको.

मग माप. सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’मध्ये तुमच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन दिसेल, बहुधा १९२०×१०८० किंवा जुन्या लॅपटॉपवर १३६६×७६८. चित्र आधीच त्या मापाचं करून घ्या. डिस्कवर पाच-सहा एमबीची दिसणारी जेपेग फाइल मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट लागतात. १९२०×१०८० चं चित्र सुमारे ८ एमबी जागा घेतं. कॅमेऱ्यातून आलेला ६०००×४००० चा फोटो ९६ एमबी. वर्कस्पेस बदलताना तो फोटो वाचून, लहान करून लावेपर्यंत जुन्या मशीनवर एखादा झटका जाणवतोच.

जिंप या चित्र-संपादक प्रोग्रॅममध्ये हे काम दोन मिनिटांचं आहे. क्रॉप टूल घ्या, त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर खूण करून ‘अॅस्पेक्ट रेशो’ निवडा आणि १६:९ लिहा (१३६६×७६८ साठीही हेच प्रमाण चालतं, काही लॅपटॉप १६:१० असतात, ते पाहून घ्या). हवा तो भाग कापा. मग ‘इमेज’ मेनूतून ‘स्केल इमेज’, रुंदी १९२०, आणि शेवटी ‘फाइल’मधून ‘एक्स्पोर्ट अॅज’.

जिंप उघडलंच आहे तर चित्राच्या एका कोपऱ्यात वर्कस्पेसचं नाव मोठ्या अक्षरात लिहून टाका. पाटीच करायची तर अर्धवट कशाला? मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट ठळक वजनात लांबून छान वाचता येतात, आणि दोन्ही मोफत आहेत. जिंपमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात. इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने स्क्रिप्ट लिहून हेच करणार असाल तर सांभाळा. त्याची जी बांधणी रॅक्म किंवा पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्रऱ्यांशिवाय केलेली असते, तिच्यात ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडते आणि जोडाक्षरं फुटतात.

फाइली कुठे ठेवायच्या हेही आत्ताच ठरवा. घरच्या (होम) फोल्डरमधल्या ‘पिक्चर्स’मध्ये एक वॉलपेपर फोल्डर आणि त्याच्या आत प्रत्येक वर्कस्पेससाठी एक स्वतंत्र फोल्डर. आज एकेकच चित्र असलं तरी असंच करा. कारण खाली, आपोआप बदलण्याच्या भागात येईल. एकाच मशीनवर विंडोजही असेल तर चित्रं विंडोजच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवू नका. तो ड्राइव्ह लिनक्समध्ये बहुतेक वेळा आपण फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केल्यावरच जोडला जातो. लॉगिनच्या क्षणी एक्सएफडेस्कटॉपला फाइल सापडत नाही, आणि आपण मात्र ‘सेटिंग राहतच नाही’ म्हणून वैतागतो.

आता प्रत्यक्ष लावू

पहिल्या वर्कस्पेसवर जा. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डेस्कटॉप सेटिंग्ज’ उघडा. ‘बॅकग्राउंड’ टॅबमध्ये ‘अप्लाय टू ऑल वर्कस्पेसेस’ अशी खूण असते. ती काढा. सगळी किल्ली या एका खुणेत आहे.

खूण काढल्यावर खिडकीतलं शीर्षक बदलतं आणि ते चित्र कोणत्या वर्कस्पेससाठी आहे ते दिसू लागतं. ‘फोल्डर’मधून पहिल्या वर्कस्पेसचं फोल्डर निवडा, खाली आलेल्या छोट्या चित्रावर क्लिक करा. झालं. खिडकी बंद करू नका.

पुढच्या पायरीवर बरेच जण अडतात. दुसऱ्या वर्कस्पेसवर आपण गेलो तरी सेटिंग्जची खिडकी पहिल्यावरच राहते, आणि ती ज्या वर्कस्पेसवर असते त्याचंच चित्र बदलते. तेव्हा खिडकीलाच न्यायला हवं. तिच्या शीर्षकपट्टीवर राइट क्लिक करा, ‘मूव्ह टू अनदर वर्कस्पेस’मधून दुसरा निवडा आणि मग तुम्हीही तिथे जा. कीबोर्डने करायचं तर कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट धरून उजवा बाण. खिडकी आणि तुम्ही दोघेही एकदमच पुढे सरकता. तिथे दुसरं फोल्डर, दुसरं चित्र. असंच तिसऱ्या-चौथ्याला.

याहून झटपट वाटही आहे. हवा त्या वर्कस्पेसवर जाऊन थुनार फाइल मॅनेजर उघडा, चित्रावर राइट क्लिक करून ‘सेट अॅज वॉलपेपर’ म्हणा. वरची खूण काढलेली असेल तर ते चित्र फक्त चालू वर्कस्पेसला लागतं. मी बहुधा हेच करतो. डेस्कटॉप सेटिंग्ज फक्त खूण काढण्यापुरतं आणि ‘स्टाइल’ ठरवण्यापुरतं.

‘स्टाइल’बद्दल फार विचार करायची गरज नाही. ‘झूम्ड’ ठेवा, ते प्रमाण न बिघडवता स्क्रीन भरतं आणि जास्तीचा भाग कापतं. ‘स्केल्ड’मध्ये पूर्ण चित्र दिसतं पण कडेला पट्ट्या उरतात आणि त्यांत ‘कलर’मधला रंग भरतो. ‘स्ट्रेच्ड’ने माणसांचे चेहरे चपटे होतात. आणि एक गंमत: स्टाइल ‘नन’ ठेवून फक्त रंग निवडला तर चित्राशिवायही पाटी तयार होते. जुन्या, दोन जीबी रॅमच्या मशीनवर मी हेच सुचवेन.

विंडो मोठी केली की वॉलपेपर दिसतो कुठे?

रास्त शंका आहे. आपण दिवसभर विंडो मॅक्सिमाइझ करूनच बसतो, मग मागचं चित्र कितीही लाल असलं तरी उपयोग काय?

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. एक, ‘वर्कस्पेसेस’ सेटिंगमधला ‘मार्जिन्स’ टॅब. स्क्रीनच्या चारपैकी कोणत्याही कडेला किती पिक्सेल मोकळे सोडायचे ते इथे सांगता येतं. मॅक्सिमाइझ केलेली विंडो तेवढी जागा सोडून बसते. खालच्या किंवा उजव्या कडेला १२ ते १६ पिक्सेल सोडा. तेवढ्या पट्टीतून मागचा रंग कायम डोकावत राहतो. हे माप सगळ्या वर्कस्पेसना एकच लागतं. ज्या कडेला पॅनल आहे तिथे सोडायची गरज नाही, त्याची सोय दुसऱ्या उपायात आहे.

पॅनलवर राइट क्लिक, ‘पॅनल प्रेफरन्सेस’, ‘अपिअरन्स’ टॅब. पार्श्वभूमीला ‘सॉलिड कलर’ निवडून रंगाची अपारदर्शकता कमी करा. मॅक्सिमाइझ केलेली विंडो पॅनलच्या खाली शिरत नाही, त्यामुळे पॅनलमागे नेहमी वॉलपेपरच असतो आणि त्याचा रंग पॅनलभर उतरतो. यासाठी ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटर (पारदर्शकता दाखवणारा भाग) चालू हवा. चित्र फिकट असेल तर पॅनलवरचं घड्याळ वाचता येत नाही, तेव्हा पारदर्शकता पूर्ण करू नका, अर्ध्यावर थांबवा.

वॉलपेपर तयार करताना या पट्ट्यांचा विचार आधीच केला तर आणखी बरं. जिंपमध्ये चित्राच्या खालच्या कडेला शे-सव्वाशे पिक्सेलचा एकरंगी पट्टा भरा. मग चित्र काहीही असो, कडेला शुद्ध रंग दिसेल. ‘झूम्ड’मध्ये कड कापली जाऊ नये म्हणून चित्राचं माप स्क्रीनएवढंच हवं, हे मात्र तंतोतंत.

दोन स्क्रीन, प्रोजेक्टर आणि गायब होणारं चित्र

एक्सएफसीई प्रत्येक मॉनिटर आणि प्रत्येक वर्कस्पेस यांच्या जोडीला वेगळी नोंद ठेवतं. दोन मॉनिटर आणि चार वर्कस्पेस म्हणजे आठ चित्रं. सेटिंग्जची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर ओढून नेली की त्याची चित्रं निवडता येतात. मला विचाराल तर दोन्ही मॉनिटरला त्या-त्या वर्कस्पेसचं एकच चित्र द्या. आठ वेगळी लावली तर पुन्हा सगळा गोंधळच. दोन्हींवर पसरलेलं एकच रुंद चित्र हवं असेल तर स्टाइल ‘स्पॅनिंग स्क्रीन्स’ आणि चित्र ३८४०×१०८० चं.

शिक्षक आणि प्रशिक्षक यांना भेडसावणारी अडचण इथेच जन्मते. घरी सगळं नीट लावलेलं असतं, पण वर्गात प्रोजेक्टर जोडला की त्यावर वितरणाचं मूळ चित्र. कारण मॉनिटरची ओळख त्याच्या पोर्टच्या नावावरून होते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा ‘ईडीपी-१’ आणि प्रोजेक्टर ‘एचडीएमआय-१’. नव्या नावाला नोंदच नसते. एकदा प्रोजेक्टर जोडलेला असताना त्या पडद्यावर खिडकी नेऊन चारही चित्रं लावा. पुढच्या वेळी त्याच पोर्टला ती आठवणीत राहतात. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला तरी असंच होतं. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर पोर्टना शून्यापासून क्रमांक देतो, खुला ड्रायव्हर एकपासून, म्हणून ड्रायव्हर बदलल्यावर वॉलपेपर हरवल्यासारखे वाटतात.

या सगळ्या नोंदी डोळ्यांनी पाहायच्या असतील तर ‘सेटिंग्ज एडिटर’ उघडा आणि डावीकडे ‘एक्सएफसीई४-डेस्कटॉप’ हा चॅनल निवडा. ‘बॅकड्रॉप’ खाली स्क्रीन, त्याखाली मॉनिटरची नावं, त्याखाली वर्कस्पेस दिसतील. इथे मोजणी शून्यापासून आहे: तुमचा पहिला वर्कस्पेस इथे शून्य, चौथा इथे तीन. प्रत्येकाच्या ‘लास्ट-इमेज’मध्ये चित्राचा पूर्ण पत्ता असतो, तो इथूनही बदलता येतो. ‘इमेज-स्टाइल’मध्ये ० ते ६ असा आकडा असतो, ‘झूम्ड’चा आकडा ५. याच झाडात ‘सिंगल-वर्कस्पेस-मोड’ दिसेल. ते चालू असेल तर वरची ती खूण परत कुठून तरी बसली आहे असं समजा. खूण बसली म्हणून बाकीच्यांच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. काढली की जुनी चित्रं परत येतात.

चित्र आपोआप बदलत राहावं असं वाटत असेल

‘बॅकग्राउंड’ टॅबमध्ये ‘चेंज द बॅकग्राउंड’ चालू करून वेळ ठरवता येते: ठरावीक मिनिटांनी, दर तासाला, दर दिवशी, लॉगिनच्या वेळी. हेही प्रत्येक वर्कस्पेससाठी वेगळं असतं. निवडलेलं चित्र ज्या फोल्डरमध्ये असेल त्याच फोल्डरमधली बाकीची चित्रं फिरवली जातात. म्हणूनच वर प्रत्येकाला वेगळं फोल्डर करायला सांगितलं. सगळी चित्रं एकाच ठिकाणी टाकली तर सर्व्हरच्या वर्कस्पेसवर केव्हातरी घरचा गणपती येईल, आणि पाटी म्हणून त्याचा काही उपयोग उरणार नाही. एका फोल्डरमध्ये एकाच रंगकुळातली चित्रं ठेवा, मग ती खुशाल फिरू देत.

‘क्रोनोलॉजिकल’ हा पर्याय थोडा वेगळा आहे. तो मध्यरात्रीपासून दिवसाचे, फोल्डरमध्ये जितकी चित्रं तितके समान भाग पाडतो. २४ चित्रं ठेवली तर दर तासाला एक. क्रम फाइलच्या नावावरून लागतो, म्हणून नावं दोन अंकी क्रमांकाने सुरू करा.

काहीच होत नसेल तर

डेस्कटॉपवर राइट क्लिक करा. एक्सएफसीईचा नेहमीचा मेनू आला नाही तर चित्र काढणारा एक्सएफडेस्कटॉप चालूच नाही, किंवा दुसराच प्रोग्रॅम त्याच्यावर पसरला आहे. निमो, काहा यांसारखे फाइल मॅनेजर डेस्कटॉप स्वतःकडे घेऊ शकतात. नायट्रोजन किंवा व्हरायटीसारखे वॉलपेपर बदलणारे प्रोग्रॅम लॉगिनला सुरू होत असतील तर तेही आड येतात. ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये त्यांची खूण काढा. मग ऑल्ट-एफ२ दाबून एक्सएफडेस्कटॉप हे नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान ठेवून, टाइप करा आणि तो चालू करा.

दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांसाठी

केडीईच्या जुन्या आवृत्त्यांत ही सोय होती, प्लाझ्मा ५ मध्ये ती गेली. तिथे अॅक्टिव्हिटीज वापरा: मेटा (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि क्यू दाबून नवीन अॅक्टिव्हिटी तयार करा, प्रत्येकीला स्वतःचा वॉलपेपर आणि विजेट्स मिळतात. त्या वर्कस्पेसपेक्षा जड वाटतात, पण ऑफिस आणि घर असे दोनच कप्पे हवे असतील तर उत्तम. ग्नोममध्ये वॉलपेपरची एकच नोंद असते, गडद रूपासाठी आणखी एक. वर्कस्पेसनुसार बदल हवा तर एक्स्टेन्शन शोधावं लागतं. ती आवृत्तीगणिक मोडतात. २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली तेव्हा जुनी सगळी नव्याने जुळवावी लागली. एन्लाइटनमेंटमध्ये मात्र ही सोय मुळातूनच आहे.

आय३ किंवा ओपनबॉक्स हे नुसते विंडो मॅनेजर वापरणारे स्वतःच स्क्रिप्ट लिहू शकतात, आणि ती दहा ओळींच्या वर जात नाही. एक्सप्रॉप हा प्रोग्रॅम ‘स्पाय’ पर्यायाने चालवून चालू डेस्कटॉपच्या आकड्यावर नजर ठेवायची, आकडा बदलला की फेह या प्रोग्रॅमला त्या क्रमांकाच्या नावाची फाइल लावायला सांगायची. फाइलींची नावं शून्यापासून द्या, म्हणजे स्क्रिप्टमध्ये तुलना करत बसावं लागत नाही.

नव्या मशीनवर नेताना

एक्सएफसीईच्या या सगळ्या नोंदी घरच्या फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात, एक्सएफसीई४ च्या आत एक्सएफकॉन्फमध्ये, ‘एक्सएफसीई४-डेस्कटॉप’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात. तिची प्रत काढून ठेवा. ती परत बसवताना आधी लॉगआउट करा आणि कन्सोलवरून कॉपी करा. लॉगिन असताना फाइल बदलली तर आत चालू असलेला, सेटिंग सांभाळणारा एक्सएफकॉन्फ हा प्रोग्रॅम आपल्या आठवणीतलं जुनं तिच्यावर लिहून टाकतो. चित्रांचे पत्ते त्यात पूर्ण लिहिलेले असतात, तेव्हा नव्या मशीनवर यूजरचं नाव वेगळं असेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये ते सगळीकडे बदला, आणि मॉनिटरच्या पोर्टची नावंही एकदा ताडून पाहा.